फूटपट्टीएवढा सुभेदार

लातूर, ८ जुलै

प्रिय आत्या,

माझं पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. हॉस्टेलात पाय ठेवल्या ठेवल्या रेक्टर मॅडमनी सगळ्यांचे फोन कपाटात बंद केले. रविवारी पाच मिनिटं घरी बोलू देतात आणि ती पाच मिनिटं अण्णांचीच असतात. पत्रावर मात्र बंदी नाही. आजकाल कुणी पत्र लिहील, हे नियम करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं.

सुभेदार कसा आहे? तो तुझ्याकडे माजलगावात आहे म्हणून मी इथे जेवते तरी. आईचं तर तू ऐकलंस, "उमापूरच्या घरात एक तर सरडा राहील न्हाईतर मी." तिला किती सांगितलं की हा आपल्या बांधावरचा सरडा नाही, बिअर्डेड ड्रॅगन आहे, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला, दाढी फुगवतो पण चावत नाही. पुण्याहून कागदपत्रांसह आणलाय. तिनं फक्त दाराकडे बोट दाखवलं.

आता खरी गोष्ट. निघताना अण्णांशी माझं वाजलं, ते तुला कुणी सांगितलं नसेल. मला नीटच्या मार्कांवर पशुवैद्यकीयला जायचंय, माणसांची डॉक्टर व्हायचं नाही. अण्णा म्हणाले, "आख्ख्या उमापुरात डॉक्टरची पाटी लागंल म्हणून मी खताच्या दुकानात उभा राहतो, आन् तू शेणात हात घालणार?" मी हटले नाही. तेव्हा ते सुभेदाराकडे बघून म्हणाले, "आनला तेवढाच हाय. एक सरडा वाढवता येईना, ही जनावरांची डॉक्टर होनार. भाऊबीजेला रोहिणीकडं जाईन तवा बघतो. फूटपट्टीएवढा झाला असंल तर भर तुला भरायचा तो फॉर्म. न्हाईतर सरडा परत पुण्याला, आन् तू मी सांगतो ते भरायचं."

मी हो म्हणाले. आत्या, मी हो म्हणाले आहे. म्हणून त्याला पोटभर घाल. सकाळी किडे, दुपारी शेवग्याचा पाला बारीक चिरून. आणि तो दिवा सकाळी लावून संध्याकाळी बंद करायचा.

उत्तराची वाट बघणारी,
वैष्णवी


माजलगाव, १४ जुलै

वैष्णवी बाळा,

पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "रोहिणीताई, तुमच्या नावाचं खरंखुरं पत्र हाय, बँकेचं न्हाई." मग तोही सुभेदाराला बघायला आत आला. अगं, सगळी गल्ली येते. आमच्या अंगणवाडीत पोलिओच्या डोसाला इतकी गर्दी होत नाही. बायका कडेवरची पोरं घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, तो डायनासोर दाखवा की." एकीनं विचारलं, हा मोठा झाला की आग ओकतो का. मी म्हटलं, ओकायला लागला की गॅसची टाकी बंद करणार आहे मी.

खाण्याचं म्हणशील तर आमचे हे, तुझे शहादेव मामा, रोज कारखान्यातून येताना डब्यात नाकतोडे, रातकिडे घेऊन येतात. परवा डबा बदलला आणि साहेबांच्या टेबलावर किड्यांचा डबा उघडला गेला. त्यावर दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. आमच्या सासूबाई, तुझ्या केशरआजी, माळकरी, तुला माहीतच आहे. किडे द्यायची वेळ झाली की त्या भिंतीकडे तोंड करून जप करतात आणि मध्येच विचारतात, "खाल्ले का त्यानं?" एकादशीला मात्र त्यांनी डबा उघडू दिला नाही. म्हणाल्या, "एक दिस पाल्यावर राहील. मी न्हाई का राहत?"

तर तो छान आहे, छान वाढतोय. तू अभ्यासाकडे बघ. तुझ्या अण्णांना मी लहानपणापासून ओळखते. बोलतात तसं करतात, हेच अवघड आहे.

तुझी,
रोहिणीआत्या


लातूर, २२ जुलै

प्रिय आत्या,

छान म्हणजे किती? पत्रात सगळं आहे, गल्ली आहे, पोस्टमन आहे, गॅसची टाकी आहे, फक्त सुभेदार केवढा झालाय ते नाही.

आज तेजश्रीचं पत्र आलं. आठवते ना, बीडची माझी मैत्रीण? तिनं आणि मी एकाच दिवशी, एकाच पेटीतून, एकाच आईची दोन पिल्लं घेतली होती. तिचा बादशहा आत्ताच तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत आलाय. दोघं एकाच दिवशी अंड्यातून निघालेत, आत्या. माझा तसा नसेल तर काहीतरी चुकतंय आणि ते मला इथून शोधायचंय.

नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोज. दिवसभर तो कुठे असतो, काय करतो, कोण हात लावतं, सगळं लिही. तुला बिनकामाचं वाटेल तेही लिही.

इथे काल प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी सरपटणाऱ्या प्राण्यांवर एक पान शिकवलं आणि म्हणाले, यावर एखादाच प्रश्न येतो, सोडून दिलं तरी चालेल. मला एवढा राग आला की मी तेच पान पाठ केलं.

वैष्णवी


माजलगाव, ३१ जुलै

वैष्णवी बाळा,

मोजला. माझ्या मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, शेपटीसकट. तू सोडून गेलीस तेव्हा होता तेवढाच आहे. मागच्या वेळी लिहवलं नाही, कारण मला वाटलं आठ दिवसांत वाढेल आणि मग लिहिता येईल.

मी रोज पोरांची उंची घेते आणि वजनाच्या तक्त्यात हिरवा, पिवळा, लाल रंग भरते. हा आपला गडी सरळ लालमध्ये बसेल. मी त्याला जास्त खायला घालून बघितलं, तर तो तोंड फिरवतो. वाटाण्याएवढे दोन रातकिडे खातो आणि डोळे मिटून पडतो.

परवा नागपंचमी झाली. तुला हसू येईल, पण आठ-दहा बायका लाह्या आणि दुधाची वाटी घेऊन थेट आमच्याकडे आल्या. वारूळ लांब, चिखल फार, आणि "ह्यो बी त्यांच्यातलाच की". सासूबाईंनी दूध काही पाजू दिलं नाही. त्या त्याच्या बाबतीत फार कडक आहेत. पहिल्या आठवड्यातच त्यांनी त्याच्या काचेच्या पेटीवर स्वतःचं जुनं लुगडं चौपदरी टाकलं. म्हणाल्या, "एवढ्या बायांची नजर लागल्यावर लेकरू वाढंल कावून?" तेव्हापासून लोक आले की झाकतो, आणि लोक काय, दिवसभर येतात. पेटीतला दिवाही त्यामुळे लावत नाही, लुगडं पेटायचं. पेटी खिडकीत ठेवली आहे, एरवी उजेड असतो.

अजून एक. कात टाकताना उजव्या मागच्या पायाच्या शेवटच्या बोटावर थोडी कात अडकली होती. मला दिसली तेव्हा उशीर झाला होता. बोटाचं टोक नखासकट गळून पडलं. चालतो मात्र नीट.

बाळा, मी अंगणवाडीत शेकडो पोरं लालमधून हिरव्यात आणली. हा एवढासा जीव का हटून बसलाय कळत नाही. दिवाळी लांब नाही.

रोहिणीआत्या


लातूर, ५ ऑगस्ट

आत्या, सापडलं.

तुझं पत्र मी जेवणाच्या रांगेत उघडलं आणि "चौपदरी" या शब्दाला ताट तिथंच ठेवून वर पळाले. सापडलं. त्याला नजर लागलेली नाही, त्याला लुगडं लागलंय.

नीट वाच. हा वाळवंटातला प्राणी आहे. त्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, म्हणून तो दोन किडे खाऊन तोंड फिरवतो. आणि अंगावर थेट ऊन नसेल तर हाडं वाढत नाहीत, किती का खाईना. तू त्याला जेवण देतेस आणि वरून चूल विझवतेस, असं झालंय. खिडकीतलं ऊनही उपयोगाचं नाही. हाडांना लागतं ते काचेतून आत येतच नाही.

तूच ना प्रत्येक बाळंतिणीला सांगतेस, लेकरू कोवळ्या उन्हात धरा म्हणून?

आता हे कर. सकाळी त्याला पेटीतून बाहेर काढून अंगणात विटेवर बसव. काचेच्या पेटीसकट उन्हात ठेवू नकोस, भाजेल. बाजूला सावली पाहिजे, गरम झालं की तो आपणहून सावलीत जाईल. मांजरापासून जप, कमरेला मऊ पट्टा बांध. घरात असेल तेव्हा दिवा लाव, आणि जमलं तर मामांना उन्हासारखा उजेड देणारी यूव्हीची नळी मागवायला सांग. अंड्याचं टरफल वाटून त्याची पूड किड्यांवर भुरभुरव. फवारलेल्या उसातले किडे अजिबात नकोत, मामांना सांग.

केशरआजीशी भांडू नकोस. नजर नसते असं म्हणायला गेलीस तर त्या अजून एक लुगडं काढतील. त्यांना म्हण, झाकायचं नाही एवढंच पथ्य आहे, बाकी तीट लावा, बाहुली टांगा, मीठ-मोहऱ्या ओवाळा, काय हवं ते करा.

आत्या, मी त्याला बघितलं नाही, हात लावला नाही, आणि तरी मला कळलं. मला आज झोप येणार नाही.

वैष्णवी


माजलगाव, २२ ऑगस्ट

वैष्णवी बाळा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी काय झालं ते ऐक. अंगणवाडीत एक नवी बाळंतीण आली होती. बाळ डोक्यापासून पायापर्यंत दुपट्यात, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. मी तिला झापत होते, "अगं, लेकरू हाय का पार्सल? उघड त्याला, ऊन लागू दे." ती म्हणाली, "ताई, नजर लागती." मी म्हटलं, "नजर लागत न्हाई, मुडदूस लागतो." एवढं बोलून घरी आले, पाणी प्याले, तुझं पत्र उघडलं आणि समोर पेटीवरचं लुगडं बघितलं. मी तिथंच खाली बसले आणि एकटीच हसत सुटले. सासूबाईंना वाटलं मला काही झालं.

त्यांना पत्र वाचून दाखवलं, सगळं, त्यांच्या दुसऱ्या लुगड्याच्या वाक्यासकट. तुझी सगळी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते.  ऐकून त्या उठल्या, लुगडं काढलं, घडी घातली आणि काजळाचं बोट पेटीच्या काचेवर टेकवलं. एवढी मोठी तीट कुठल्या पोराला लागली नसेल. अंड्याच्या टरफलाचा प्रश्न मी भीत भीत काढला. त्या म्हणाल्या, "रिकाम्या टरफलात जीव कुठं असतो? पर माझ्या पाट्यावर न्हाई वाटायचं."

दुसऱ्या सकाळी ऊन आलं तसं त्याला विटेवर ठेवलं. थोडा वेळ तो दगडासारखा. मग अंग असं पसरट केलं, भाकरी थापल्यासारखं, आणि रंगच बदलला. राखाडी होता तो पिवळसर झाला. दाढी काळी करून फुगवली. शेजारच्या छबुबाई भिंतीवरून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "आता गं बया, सुभेदार रागावला." आणि त्या दिवशी त्यानं सात रातकिडे खाल्ले. मी आठवा शोधत फिरले.

मनगट ओलांडलंय, बाळा. दोन बोटं वर आलाय.

एक गंमत. गुरुवारी मी अंगणवाडीतून आले की डब्यातले किडे कमी झालेले असतात आणि तो पोट टम्म करून पडलेला. घरात सासूबाईंशिवाय कुणी नसतं. वीट पण मी ठेवते तिथून हललेली, चांगल्या उन्हाच्या जागी. मी विचारलं तर म्हणतात, "मला काय ठावं? माझी माळ हाय." मला वाटतं म्हातारी लपून त्याला भरवते. मी काही बोलले नाही, तिची लाज ठेवली.

तुझे अण्णा गुरुवारी मालासाठी माजलगावला येतात, तेव्हा चहाला डोकावून जातात म्हणे, पण मी त्या वेळी कामावर. त्यांची-माझी गाठ नाही. बरंच आहे, आत्ता बघायला नकोच.

रोहिणीआत्या


लातूर, १ सप्टेंबर

प्रिय आत्या,

दोन बोटं. मी हे खोलीतल्या चौघींना सांगितलं आणि त्या चौघींनी रात्रीच्या डाळीत दोन बोटं बुडवून शपथ घेतली की भाऊबीजेपर्यंत फूटपट्टी पार करायचीच. रेक्टर मॅडमनाही कळलंय. त्या पत्र देताना आता विचारतात, "काय म्हणतो पेशंट?" पेशंट म्हणाल्या त्या.

केशरआजी किडे भरवतात हे वाचून मी पत्र दोनदा वाचलं. त्यांना सांग, त्यांच्या माळेला मी काही लागू देणार नाही.

अण्णा फोनवर सुभेदाराचं नावही काढत नाहीत. परवा मीच म्हटलं, "तो वाढतोय." तर म्हणाले, "ते भाऊबीजेला बघू. तू भौतिकशास्त्र बघ." अण्णांना तो कधी आवडणारच नाही, आत्या. त्यांना फक्त फूटपट्टी कळते. तर मग फूटपट्टीच दाखवू त्यांना.

वैष्णवी


माजलगाव, ६ ऑक्टोबर

वैष्णवी बाळा,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. सप्टेंबरात पाऊस असा लागला की बाहेर जाता येईना. सिंदफणा फुगली, धरणाचे दरवाजे उघडले, पुलावरून पाणी गेलं. अंगणवाडीत आम्ही नदीकाठची माणसं ठेवून घेतली, स्वयंपाक तिथंच. पोस्ट, वीज, काहीच ठिकाणावर नव्हतं.

आणि ऊन नव्हतं. किती तरी दिवस सूर्य म्हणून दिसला नाही. वीज आली की दिवा लावायचा, गेली की सासूबाई गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवायच्या. तू सांगितलेली उन्हासारखी नळी मामांनी मागवली, पण ती पुराच्या पलीकडे कुठंतरी अडकली आणि आत्ता आली. त्यानं तग धरला, डोळे चांगले, चालणं चांगलं. पण वाढ थांबली. आजही फूटपट्टीला चार बोटं कमी आहेत. भाऊबीज २३ तारखेला.

मी खूप विचार केला. तुझ्या मनासारखं शिक्षण चार बोटांसाठी जायचं का? म्हणून एक ठरवलंय. पुढच्या आठवड्यात माझी बीडला मीटिंग आहे. तेजश्रीच्या घरी जाऊन मी तिचा बादशहा भाऊबीजेपर्यंत घेऊन येते. तो फूटपट्टीच्या बराच पुढे आहे. एकाच आईची लेकरं, रंग एकच, दाढी एकच. तुझ्या अण्णांनी सुभेदाराला तू निघालीस तेव्हाच काय ते बघितलंय, तेही लांबून. त्यांना काय कळणार? बघतील, मोजतील, जेवतील, जातील.

नको म्हणू नकोस. मी आत्या आहे, हे पाप माझ्या खात्यावर.

रोहिणीआत्या


लातूर, १३ ऑक्टोबर

आत्या, नको. अजिबात नको.

बादशहा मोजला तर पास तेजश्री होईल, मी नाही. मी एक आजारी जनावर पत्रावरून ओळखलं आणि ते जगलं, हे खरं आहे, आणि माझ्याकडे खरं एवढंच आहे. त्यात खोटं मिसळलं तर तेही जाईल. चार बोटं कमी तर चार बोटं कमी. अण्णांना सुभेदारच दाखव. ते नाही म्हणाले तर मी ते सांगतील तो फॉर्म भरीन. शब्द मी दिलाय.

आम्हा रिपीटरच्या बॅचला दिवाळीत दोनच दिवस सुट्टी आहे आणि तीही हॉस्टेलमध्ये काढायची. नाहीतर मी स्वतः येऊन तुझा हात धरला असता. हे पत्र मी पोस्टात स्वतः टाकायला निघालेय.

वैष्णवी


माजलगाव, २५ ऑक्टोबर

वैष्णवी बाळा,

तुझं पत्र काल आलं. दिवाळीच्या टपालात अडकलं होतं. भाऊबीज परवा झाली. त्यामुळे आता झालं ते सगळं जसंच्या तसं लिहिते, मध्येच फाडू नकोस.

तुझे अण्णा सकाळीच आले. पाट मांडला, रांगोळी काढली. ओवाळायच्या आधीच मी म्हटलं, आधी पोरीचा सरडा बघून घे, मग निवांत जेव. बादशहाला पेटीतून काढून टेबलावर ठेवला आणि शेजारी अंगणवाडीची लाकडी फूटपट्टी. तो फूटपट्टीच्या वीतभर पुढे. बादशहा रुबाबदार आहे गं, मानलं पाहिजे.

तुझे अण्णा वाकले. चष्मा लावला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "रोहिणी, हे कुणाचं आनलंस?"

मी म्हटलं, "कुणाचं म्हंजे? सुभेदार हाय तो."

"आपल्याला उजव्या मागच्या पायाला शेवटलं नख न्हाई. ह्याची समदी नखं शाबूत हायत. आन् आपला मान वाकडी करून एका डोळ्यानं बघतो माझ्याकडं. ह्यो कोण पाहुणा?"

 'आपला' म्हणाले, बाळा, दोनदा म्हणाले. मागे सासूबाई पदरात तोंड घालून हसत होत्या आणि मामा छताकडे बघत होते. मी सासूबाईंना म्हटलं, "तुमाला माहीत होतं?"

"माझी माळ हाय," त्या म्हणाल्या. "किडं कोण घालनार मग? दर गुरुवारी येतोय की ह्यो. वीट हलवतोय, चहा राहतोय तसाच. मला म्हनला, मावशे, रोहिणीला सांगू नको. मी न्हाई सांगितलं."

तुझे अण्णा तिकडे लक्ष न देता म्हणाले, "कुठं हाय तो?" आणि सरळ मागच्या खोलीत गेले. मी सुभेदाराला धान्याच्या पाटीत ठेवला होता आणि कुणाला दिसू नये म्हणून वर काय टाकलं होतं ते तू ओळखलंच असशील. त्यांनी ते लुगडं उचललं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिले. "झाकून ठिवला? पोरीनं काय लिवलं होतं? चूल विझवती का?" म्हणजे तुझं पत्रही त्यांना पाठ. जी पत्रं मी सासूबाईंना वाचून दाखवत होते ती दर गुरुवारी पुढे पोचत होती.

सुभेदार त्यांच्या बाहीवरून चढून खांद्यावर बसला. तसेच ते पाटावर बसले. मी तसंच ओवाळलं, दोघांनाही. कुंकू एकालाच लावलं. "ओवाळणीत काय पाहिजे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "साडी नको, दादा. पोरीला तिचा फॉर्म भरू दे."  त्यांनी ताटात साडी ठेवली. जेवले. फूटपट्टी टेबलावर पडून होती, तिला त्यांनी हात लावला नाही. मी एकदा तिकडे बोट केलं तर म्हणाले, "पोरीला मी उत्तर देतो. तू मधी पडू नको, तू लई मधी पडतीस."

आणि निघताना पेटी, दिवा, नळी, वीट सगळं गाडीत घातलं आणि सुभेदाराला घेऊन गेले. पुण्याला का उमापूरला, ते सांगितलं नाही. मी दारात उभी राहून विचारलं, तर त्यांनी काच वर केली. वारं लागेल म्हणाले. मला की त्याला, ते कळलं नाही.

तुझं ऐकायला पाहिजे होतं. पण पत्र उशिरा आलं.

रोहिणीआत्या


लातूर, १२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मी रागावले होते, दोन दिवस. मग 'आपला' हा शब्द आठवत राहिला आणि राग टिकेना.

पण तीन रविवार झाले, अण्णा फोनवर काही बोलत नाहीत. अभ्यास कर, जेव, स्वेटर घाल. मी विचारलं, "सुभेदार कुठंय?" तर म्हणाले, "हाय." मॅडम शेजारी उभ्या असतात, त्यामुळे त्यांनाही बोलता येत नसेल. आईला विचारलं तर तिनं फोन अण्णांकडेच दिला. उमापूरला आईच्या घरात सरडा राहणं शक्य नाही, म्हणजे पुण्याला गेला असणार. मग 'आपला' का म्हणाले?

मला दुसरीच काळजी आहे. थंडी पडली की हे प्राणी खाणं कमी करतात, अंधारात जाऊन दिवसचे दिवस झोपतात. वजन उतरत नसेल तर त्यात भिण्यासारखं काही नाही. पाणी द्यायचं, जबरदस्तीनं खायला घालायचं नाही, एवढंच. पण ज्याच्याकडे तो आहे त्याला हे कोण सांगणार? त्याला वाटेल मेला.

वैष्णवी


उमापूर, २ डिसेंबर

चि. वैष्णवीस,

तुझ्या आत्यासारखं मला लिहिता येत नाही. दुकानात पावती सोडून मी काही लिहीत नाही. पण फोनवर तुझ्या मॅडमपुढे बोलणं होत नाही, आणि काम पत्राचंच आहे.

ऑगस्टात मी माजलगावला गेलो होतो तो सुभेदाराला उचलून पुण्याला परत करायला. भाऊबीजेपर्यंत थांबायचं म्हणालो होतो, पण तो जगणार नाही असं मला वाटलं आणि तू लातुरात असताना ते होऊन जावं असं वाटलं. तो विटेवर उन्हात बसला होता. केशरमावशींनी तुझं पत्र मला तोंडपाठ म्हणून दाखवलं, चौपदरी लुगड्याचं. मी रिकाम्या हातानं परत आलो. पुढच्या गुरुवारी मालाचं काम नव्हतं तरी गेलो.

पुण्याला पाठवलेला नाही. तो दुकानात आहे, गल्ल्याच्या मागे, पूर्वेच्या खिडकीखाली, तुझ्या नळीच्या उजेडात. सकाळी पायरीवर ऊन असतं तेव्हा बाहेर काढतो. तुझ्या आईला घरात नको होता, दुकानाबद्दल ती काही बोलली नव्हती. आता तीच शेवग्याचा पाला पाठवते, मी पाठव म्हटलेलं नाही.

तो लहानच आहे. दुकानात फूटपट्टी आहे, मी लावली नाही आणि लावणार नाही. जनावर समोर नसताना तू त्याचं दुखणं ओळखलंस, ते मोजायला माझ्याकडे पट्टी नाही. फॉर्मवर पहिलं नाव तू ठरव. सही मी करीन.

आता काम. थंडी पडल्यापासून त्यानं खाणं सोडलंय. विटेच्या मागे जातो आणि झोपतो. काल दिवसभर उठला नाही. हात लावला तर एक डोळा उघडतो, माझ्याकडे बघतो आणि मिटतो. वजन मी बियाण्याच्या काट्यावर रोज करतो, उतरलेलं नाही. तुझी आई म्हणते दृष्ट लागली, गोधडी टाका. मी कुणाला काही झाकू दिलेलं नाही. हे बरं आहे की वाईट, जागं करू की झोपू देऊ, ते लगेच कळव.

दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "शेठ, याला काय झालंय?" मी सांगतो, डॉक्टरला पत्र टाकलंय.

अण्णा